एकटा शिपाई, बाकी सगळे सरदार

१४ मे २००६, रविवार. श्रूजबरी, अमेरिका

बोलायला माणूस नाही म्हणून लिहितोय. शिक्षण सातवी, अक्षर कोंबडीच्या पायाचं. वाचणार कोणी नाही, तेव्हा चालतंय.

मी आणि शोभा पोराकडे येऊन महिना झाला. शंतनूचं घर मोठं आहे, पण घरात आवाज म्हणून नाही. गालिच्यावर पाय पडलेला कळत नाही, दार लागलेलं कळत नाही. तासगावात आमची पिठाची गिरणी. जन्म पट्ट्याच्या खडखडाटात गेला आणि कान त्यातच गेले. आमच्या घरात सगळी ओरडूनच बोलायची. शंतनू तेवढा हळू. अजून तसाच आहे. कानात मशीन घातलं तर ते शिट्टी मारतं, काढलं तर पोरगा नुसते ओठ हलवतोय असं दिसतं.

सून हिमानी खणखणीत बोलते, म्हणून तिच्याशी पटतं. ती सांगत होती, मार्चमध्ये शंतनूला मॅनेजर करणार होते, केलं अमितला. अमित याच्या मागनं लागलेला. राहतो इथंच दोन गल्ल्या सोडून. कारण काय दिलं, तर मीटिंगमध्ये शंतनूचा आवाज पोचत नाही, लीडरशिप दिसत नाही. मी म्हटलं, त्यात एवढं काय, काम करावं, पगार घ्यावा, घरी यावं. हिमानी भाजी जोरात परतायला लागली.

पान मिळत नाही, हे सगळ्यात वाईट. जेवणानंतर वाटीतनं बडीशेप देतात. बडीशेप म्हणजे काय पान आहे?

३ जून, शनिवार

आज घरात बैठक. प्रसन्न म्हणून पुण्याचा एक जण आहे, चाळिशीचा. पोटासाठी कॉम्प्युटर, बाकी सगळा वेळ इतिहास. त्याने नवीन खूळ आणलंय.

इथले काही गोरे लोक सुट्टीच्या दिवशी साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या सैनिकांचे कपडे घालतात, वातीने पेटवायच्या तोड्याच्या बंदुका घेतात आणि शेतात लुटुपुटूची लढाई खेळतात. मोठमोठी माणसं. त्यांचा पुढारी डग, रिटायर झालेला प्लंबर. वर्षातली मोठी लढाई एकोणीस ऑगस्टला. त्याच काळात आपल्याकडेही तोड्याच्या बंदुका होत्या, म्हणून यंदा एक दख्खनी तुकडी उतरवायची, असं प्रसन्नने डगला पटवलंय. आमच्या बंदुका लाकडाच्या, कारण खऱ्याला लायसन लागतं.

प्रसन्न म्हणाला, "काका, त्या काळी खानदानी लोक पलटणीत पगारासाठी नाही जायचे. हुद्दा आणि लूट, बस."

"लूट कसली?"

"जो समोरच्याचा झेंडा घेईल, त्याने समोरच्याची छावणी लुटायची. तिथे चीज, पाव, भांडी, काय मांडलेलं असेल ते. खरंच घरी न्यायचं."

घरात फ्रीज दोन आहेत, आणि हे चीज लुटायला निघालेत.

मग हुद्दे वाटायला बसले. मला वाटलं पाच मिनिटांचं काम. संध्याकाळ झाली. एक निशाणवाला झाला, एक नगारेवाला, बाकीचे जमादार नाहीतर हवालदार. नागपूरचा संजय तर 'घोडदळाचा प्रमुख' झाला. घोडा नाही. म्हणतो, यार, पुढच्या वर्षी बघू.

सरदार तेवढा ठरेना. शंतनू म्हणतो, "अमित, तू हो." अमित म्हणतो, "छे छे, यार, तू हो." दोघांच्याही मनात नाही हे आंधळ्याला दिसावं. शेवटी प्रसन्नने सांगितलं, नंतर ठरवू, रीतीप्रमाणे.

मी विचारलं, "शिपाई कोण?"

सगळे भिंतीवरचं चित्र बघायला लागले. मग प्रसन्न म्हणाला, "काका, तुम्ही दिवसभर मोकळेच असता ना?"

झालं. अख्ख्या तुकडीत शिपाई एकटा मी.

आमची ही आतनं हसत होती. शोभाचं हसणं मशीनशिवाय ऐकू येतं.

१० जून, शनिवार

डगच्या शेतावर पहिली कवायत. डग चांगला माणूस, कामापुरतं बोलतो. मला 'मॉरी' म्हणतो. मोरेश्वर त्याच्या तोंडात बसत नाही.

आमच्या लोकांची कवायत म्हणजे लग्नातला फोटो. जो तो पुढच्या रांगेत. मागची रांग म्हणजे मी. डगने "चला" म्हटलं की संजय, "थांबा, आधी हुकूम कुणी द्यायचा ते ठरू दे," म्हणून हात वर करतो.

नंतर डगने मरायला शिकवलं. मरायचे पण नियम आहेत. सपाट जागा बघायची, बंदूक लांब ठेवायची, सावकाश आडवं व्हायचं आणि ढोल वाजेपर्यंत हलायचं नाही. आपण मेलो हे आपणच ठरवायचं, नाहीतर पिवळ्या जाकिटातली पंच बाई बोट दाखवते. सरदार मेला तर त्याच्या खालचा हुकूम द्यायला लागतो. सगळे गवतात पटापट पडले. एरवी घरचा कचरा बाहेर ठेवायला सांगितला तर कंबर धरतात.

डगने मला खुणेने विचारलं, तुम्ही? मी म्हटलं, मी मरणार नाही. मला गुडघे आहेत. शंतनूने इंग्रजीत सांगितलं. डगला ऐकू गेलं नाही. त्याने परत सांगितलं. तरी नाही. शेवटी अमितने तेच जोरात सांगितलं, आणि डग त्याच्या पाठीवर थाप मारून हसला. माझं वाक्य, आणि थाप अमितला.

२१ जून, बुधवार

शंतनू ऑफिसमधनं आला की घरात येत नाही. गॅरेजमध्ये गाडी लावतो आणि काचा बंद करून आतच बसतो. आज कपडे वाळवायच्या मशीनकडे जाताना बघितलं. समोर बघून तोंड हलत होतं, मान ताठ, एक हात वर. फोनवर बोलत असणार. फोन तर दिसला नाही, पण हल्ली कानातला असतो.

हिमानीला म्हटलं, गाडीत बसून बॅटरी उतरते. ती म्हणाली, "उतरू दे बाबा."

या घरात कुणाला वस्तूची किंमत नाही.

४ जुलै, मंगळवार

सुट्टी. फटाके. मशीन काढून ठेवलं, बरं वाटलं. शंतनू जेवताना काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, जोरात बोल. तो म्हणाला, "काही नाही." हे 'काही नाही' तेवढं बरोबर ऐकू येतं.

१५ जुलै, शनिवार

आज सगळ्यांनी मला मूर्खात काढलंय, तेव्हा नीट लिहून ठेवतो.

अमितकडे जेवण होतं. श्रीखंड, मसालेभात, बटाट्याची भाजी. मशीन सारखी शिट्टी मारत होतं म्हणून काढून खिशात टाकलं. पोटभर जेवलो. जेवण झाल्यावर सगळे बाहेरच्या खोलीत सतरंजीवर गोल बसले. मध्ये चौरंग, चौरंगावर चांदीचं ताट, ताटात एक विडा. हिरवागार. वरनं वर्ख, लवंग टोचलेली.

तीन महिन्यांत पानाचं दर्शन नाही. प्रसन्न उभा राहून काहीतरी वाचत होता. ही माणसं सारखी काहीतरी वाचतच असतात. मला काय, जेवण झालंय, पान ठेवलंय, मी सगळ्यांत मोठा. गेलो, उचललं, खाल्लं.

प्रसन्न वाचायचा थांबला. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी चावत होतो. चांगलं होतं. चुना थोडा जास्त.

मशीन घातलं तेव्हा अमित म्हणत होता, "अरे, ह्यांनी खाल्ला!"

"मग पान काय बघायला ठेवलं होतं?"

कळलं ते असं. सरदार रीतीप्रमाणे ठरवू म्हणालेले, ती रीत ही. पूर्वी दरबारात मोहिमेचा विडा ठेवायचे. जो उचलेल त्याने मोहीम फत्ते करायची. आज जो विडा उचलेल तो सरदार, शत्रूचा झेंडा आणायची जबाबदारी त्याची. प्रसन्न त्यासाठी मुद्दाम लांब एडिसनला गेला होता, तिथे सगळी आपली दुकानं, तिथल्या ओक ट्री रोडवरनं बर्फाच्या डब्यातनं विडा आणला. वाचून झाल्यावर शंतनू उठणार होता म्हणे. अमितही उठणार होता म्हणे. दोघं एकमेकांसाठी थांबले, आणि मध्ये मी.

मी म्हटलं, चूक झाली, दुसरा आणा. प्रसन्न म्हणाला, "काका, असं नाही होत. विडा उचलला तो उचलला. तुम्ही तर गिळलाय."

अमित लगेच म्हणाला, "चालेल की! काकाच सरदार. एकदम फेअर." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपण नाही तर नाही, पण शेजारचाही नाही, म्हणून वाजवलेल्या टाळ्या कळतात मला.

शंतनूनेही वाजवल्या. मग पाणी प्यायला आत गेला आणि निघेपर्यंत आतच होता. येताना गाडीत बोलला नाही. तहान फार लागली असेल. श्रीखंडाने लागते.

१७ जुलै, सोमवार

शंतनू आज गॅरेजमध्ये बसला नाही. सरळ घरात आला, जेवला, झोपला. बॅटरीचं सांगितलेलं पोचलं म्हणायचं.

२९ जुलै, शनिवार

मला हौस नाही. पण एकदा अंगावर घेतलं की करायचं, गिरणीची रीत तीच. आज कवायत मी घेतली. माझा आवाज शेताच्या पार त्या टोकाच्या कुंपणापर्यंत जातो, मशीन लागत नाही. "तोडा सांभाळ! बंदूक खांद्यावर! पुढे चल!" डग कुंपणाशी उभा राहून हसत होता. संजयला दोनदा मागच्या रांगेत पाठवला. एकदा घोडा कुठे बांधलाय विचारलं. सगळे हसले.

शंतनूला म्हटलं, तू हुकूम देऊन बघ. त्याने दिला. शेजारचा हलला, पलीकडचा हलला नाही. मी म्हटलं, "शंतनू, दळण घ्यायला आलेल्या बाईला तरी ऐकू जाईल असं बोल की!" लोक हसले. तोही हसला. थोडासाच.

पागोट्याला तुरा नाही. मला त्याचं काही नाही, पण समोर डगच्या टोपीत एवढं मोठं पीस असताना आपल्या सरदाराचं डोकं बोडकं दिसणं बरोबर नाही. शोभाला सांगितलं.

ती म्हणाली, "ज्याला हौस नाही त्याच्यासाठी दोन तास तुरा शोधत फिरते मी. हौस असती तर हत्ती आणायला लावला असता."

तुरा पिवळा मिळाला. जरा आखूड आहे.

१२ ऑगस्ट, शनिवार

दुपारी हिमानीला मटार सोलू लागत होतो. सहज म्हटलं, शंतनू तुकडीत लक्ष देत नाही, आज तर कवायतीला डोकं दुखतंय म्हणून आलाच नाही. असं केल्यावर ऑफिसात कोण मोठं करणार?

ती सोलायची थांबली. म्हणाली, "बाबा, तो गाडीत काय करायचा माहितीये?"

"फोन."

"हुकूम द्यायला शिकत होता. काचा बंद करून ओरडायचा. रोज. घरात ओरडायची लाज वाटायची त्याला. ते सरदारपण त्याला हवं होतं. अमितसमोर. आणि तुमच्यासमोर."

मी म्हटलं, "मग सांगायचं की!"

"सांगितलं होतं. चार जुलैला, जेवताना. तुम्ही म्हणालात, जोरात बोल."

मला राग आला. कुणाचा ते कळेना. मटारवर काढला. माणसाने हवं ते मागावं. मूग गिळून बसायचं आणि मग बापाने पान खाल्लं म्हणून डोकं दुखवून घ्यायचं! गिरणीत मला काय कुणी विचारत होतं तुला काय हवंय म्हणून? पट्टा चालू असायचा, पीठ पडत असायचं, झालं.

पान तसंही चुन्याचं जास्त होतं.

१३ ऑगस्ट, रविवार

प्रसन्नला फोन केला. म्हटलं, मला सरदारकी नको, शंतनूला द्या. तो म्हणाला, "काका, तसं करता येत नाही. मग अमित म्हणणार परत विडा ठेवा. विडा आणायचा म्हणजे एडिसन. आणि वेळ कुठाय आता?"

"मग मी सुटायचं कसं?"

"विडा उचललेला सरदार एकतर मोहीम फत्ते करून सुटतो, नाहीतर मेल्यावर."

हा पुण्याचा माणूस असल्या गोष्टी हसत हसत सांगतो.

डगला फोन लावून हिमानीने माझं म्हणणं सांगितलं. त्याने तर ऐकूनच घेतलं नाही. म्हणे मॉरी, तुझ्यासाठी पोरं तिकिटं काढून येतायत.

संध्याकाळी कुणाला न विचारता एक हुकूम काढला. माझ्या खालोखाल शंतनू. नायब. अमितने फोन करून विचारलं, "काका, मी सीनियर नाही का?"

मी म्हटलं, "ऑफिसात असशील. इथं झेंडा धर."

शंतनूला सांगितलं तर म्हणतो, "कशाला बाबा, चाललं असतं की." हळूच म्हणाला. मशीन नेमकं शांत होतं, ऐकू आलं.

२० ऑगस्ट, रविवार

काल लढाई झाली. अंग ठेचल्यासारखं झालंय, पण आज लिहिलं नाही तर शोभा सगळ्यांना वेगळंच सांगेल.

शेतावर गर्दी होती. कुंपणाबाहेर खुर्च्या टाकून गोरे, आपले, पोरंबाळं. पलीकडे डगची पलटण, खऱ्या बंदुका, नुसती दारू भरून बार काढणार, गोळी नाही. आमच्या मागे आमची छावणी. लुटीसाठी दोन्हीकडे काहीतरी मांडायचं असतं, म्हणून शोभाने चकल्या, शंकरपाळ्या आणि पुरणपोळ्यांचे डबे मांडले होते. मी म्हटलं, एवढं कशाला? ती म्हणाली, "तुम्ही सरदार आहात म्हणून मांडले. कुणी लुटणार थोडंच आहे!"

बार सुटायला लागले तसं मी मशीन काढून खिशात ठेवलं. धूर फार. मी तुकडी मैदानाच्या मध्यापर्यंत नेली. तिथे सपाट जागा मी आधीच बघून ठेवली होती. "थांब!" म्हटलं, सगळे थांबले. शंतनूकडे बघितलं. तो माझ्या डाव्या हाताला होता, घाम आलेला.

मी त्याला सांगितलं नव्हतं. सांगून मरायचं म्हणजे नुसता थाट.

बंदूक बाजूला ठेवली आणि आडवा झालो. डगने शिकवलं तसं सावकाश जमलं नाही. एक गुडघा वाकला, दुसरा नाही, आणि धप्पकन पडलो. पागोटं तुऱ्यासकट गडगडत गेलं. आणि नेमका त्या क्षणाला समोरून एकही बार निघालेला नव्हता. ते मागाहून कळलं.

मी डोळे मिटून घेतले. जरा वेळ काही नाही. मग ऐकू आलं.

"पुढे चल! दख्खनी तुकडी, झेंड्यावर चल! पुढे!"

मशीन खिशात होतं. मला आधी वाटलं संजय असेल. पण संजय असा बोलत नाही, तो यार घालतो. गवताखालची जमीन हलली, सगळे पळाले. मनात म्हटलं, जा आता, घे तो झेंडा, आण ते चीज.

आणि पावलं परत आली.

"बाबा! बाबा!" माझ्या अंगरख्याला धरून ओढायला लागला. एक बंद तुटला.

मी एक डोळा उघडला. "अरे, मी मेलोय. तू सरदार. जा!"

"छातीत दुखतंय का? बाबा, श्वास घ्या." तो तोंड माझ्या कानाशी आणून ओरडला.

"गुडघ्यात दुखतंय. जा की! सगळे पुढे गेले!"

"तुम्ही असे पडलात की..." माझी नाडी बघत होता, मनगटाच्या चुकीच्या बाजूला.

तेवढ्यात पंच बाई आली आणि बोट शंतनूकडे दाखवलं. बंदुकांकडे पाठ करून उभा राहिला, म्हणजे मेला. नियम तो नियम. पोरगं माझ्या शेजारी आडवं झालं. सरदारकी मिळून किती वेळ झाला असेल? चहाला उकळी यायच्या आत गेली. मला इतका वैताग आला की गवत उपटलं मूठभर.

पुढचं मी पडल्या पडल्या बघितलं. डगच्या झेंड्यापासून आमची तुकडी हाकेच्या अंतरावर. हुकूम द्यायला वर कोणी नाही, तशी थांबली. आता सरदार कोण? काय बोलले ते नंतर कळलं. अमित म्हणाला मी. संजय म्हणाला, घोडदळ आधी. एक जमादार म्हणाला, जमादार तिघं आहेत, मत घ्या. भर मैदानात, बंदुकांसमोर, बैठक भरली. डगच्या लोकांनी थोडा वेळ वाट बघितली, बिचारे सभ्य आहेत. मग सरळ चालत आले, अमितच्या हातातनं झेंडा काढून घेतला आणि आमच्या छावणीकडे गेले.

म्हणजे लूट करायला गेलेल्यांची लूट. शोभाचा आरडाओरडा तेवढा मला ऐकू आला. "अहो, डबे! डबे तरी ठेवा, स्टीलचे आहेत!"

शंतनू हसायला लागला. मेलेल्याने हसायचं नसतं. बाईने डोळे मोठे केले.

मी मशीन घातलं. "बाबा," तो म्हणाला, "सांगितलं का नाही?"

"मरताना कोण सांगतं? सरक जरा, खाली काटा आहे."

तो सरकला. ढोल वाजत नव्हता, त्यामुळे उठता येईना. वर आभाळ, गवताला वास. अशा ठिकाणी दोन माणसांनी काय करायचं?

तो म्हणाला, "लहानपणी मी गिरणीत हाका मारायचो. तुम्हाला ऐकूच यायचं नाही. मग सदरा धरून ओढायचो."

"माहितीये. बटणं तोडायचास. आजही बंद तोडलास."

"मग आज ऐकू आलं?"

"मशीन खिशात होतं माझं."

तो परत तसाच गप्प झालेला बघून माझं डोकं फिरलं. म्हटलं, "ऐकू आलं म्हणून तर पडून राहिलो. नाहीतर उठून मीच ओरडलो असतो."

तो आभाळाकडे बघत होता. आणखी काहीतरी बोलायला हवं होतं असं मला वाटलं. पण मेलेल्या माणसाने किती बोलायचं? बाई बघत होती.

मग ढोल वाजला. मला उठवायला दोघं लागले. एकीकडनं शंतनू, दुसरीकडनं अमित. अमित म्हणाला, "शंतनू, तू मागे कशाला फिरलास यार? जिंकलो असतो."

शंतनू म्हणाला, "माझे वडील पडले होते." चांगलं मोठ्याने म्हणाला. अमित माझं पागोटं शोधायला गेला.

एवढा खटाटोप करून मी मेलो, आणि या पोराला एक झेंडा आणता आला नाही. फुकट मरण.

२४ ऑगस्ट, गुरुवार

डग डबे परत घेऊन आला. धुऊन, पुसून. पुरणपोळी कशाची करतात विचारत होता. शोभाने डाळ कशी वाटायची ते हातवारे करून सांगितलं. तो मान हलवत होता. पुढच्या वर्षी परत लुटायला येणार म्हणाला. तिने अंगरख्याचा बंद शिवला आणि माझ्या अंगावर फेकला. "घ्या सरदार. कैलासवासी सरदार."

मी मेल्यामुळे जागा रिकामी आहे, प्रसन्न परत एडिसनला जाणार म्हणतो. मी त्याला बजावलंय, विडे दोन आण. एक ताटात ठेव, दुसरा आधीच माझ्या हातात दे.

संध्याकाळी मशीन काढून सोफ्यावर पडलो होतो, तर आवाज आला. उठून गॅरेजचं दार उघडून बघितलं. शंतनू गाडीत बसला होता, मान ताठ, एक हात वर. काचा खाली होत्या. चारी.

इंग्रजीत बोलत होता. सगळं काही मला कळलं नाही. 'मार्च' कळलं, 'मॅनेजर' कळलं, अमितचं नाव दोनदा आलं. उद्या साहेबाशी मीटिंग आहे म्हणे, हिमानीने सांगितलं. मी दार तसंच लोटून घेतलं.

शोभा म्हणाली, "अहो, सांगा त्याला जरा हळू बोलायला. शेजारचे गोरे काय म्हणतील?"

म्हटलं, "काही म्हणत नाहीत. गिरणीशेजारी घर घेतलं असं समजतील."